विश्लेषण : राष्ट्रीय पंचांगामागचे बागलकोटचे शिक्षक, कोण होते वेंकटेश बापूजी केतकर?

कोल्हापुरात अंबाबाईच्या किरणोत्सवाच्या तारखा सगळ्यांना पाठ असतात : ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी. मावळता सूर्य महाद्वारातून थेट गाभाऱ्यात येतो. या दोन्ही वेळा २२ डिसेंबरच्या आसपास येणाऱ्या सर्वात लहान दिवसापासून साधारण सारख्याच अंतरावर, ४१-४२ दिवसांवर आहेत. कारण दोन्ही वेळा सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे १७ अंशांवर असतो. सूर्य, चंद्र, ग्रह कोणत्या दिवशी कुठे असतील याचे असे आगाऊ वेळापत्रक म्हणजे एफेमेरिस. भारतात ते अधिकृतपणे तयार करण्याचे काम कोलकात्याचे पोझिशनल अ‍ॅस्ट्रॉनॉमी सेंटर करते. या कामामागे जी मराठी माणसे आहेत, त्यांत केतकरांचे नाव आवर्जून घ्यावे लागते.

केतकर कोण होते?

जन्म १८५४ चा, नरगुंदचा. हे गाव आज कर्नाटकातील गदग जिल्ह्यात आहे. ते चार वर्षांचे असताना नरगुंदच्या संस्थानिकाने इंग्रजांविरुद्ध उठाव केला आणि संस्थान बुडाले. केतकरांनी मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरी धरली. बागलकोटच्या इंग्रजी शाळेत ते शिकवत. हाताशी वेधशाळा नाही, दुर्बिणींचा ताफा नाही, गणिताला मदतनीसही नाहीत. शाळा सुटल्यावर उरलेल्या वेळात कागदावर आकडेमोड, असा हा सगळा उद्योग.

जुन्या पंचांगात काय बिघडले होते?

महाराष्ट्रातील पंचांगे तेव्हा मुख्यतः गणेश दैवज्ञांच्या ग्रहलाघव या १५२० च्या ग्रंथावरून होत. ग्रंथ मोठा हुशारीचा. त्रिकोणमितीतील ज्या न वापरता ग्रह काढायची सोय त्यात आहे. पण साडेतीनशे वर्षांत बारीक चुका साठत गेल्या. पंचांगात लिहिलेल्या जागी ग्रह दिसेनात.

चंद्राची गोष्ट आणखी नाजूक. जुनी सूत्रे ग्रहणांशी ताडून बसवलेली असल्याने पौर्णिमा-अमावास्येला ती बऱ्यापैकी जुळत. अष्टमीच्या सुमारास मात्र सूर्याच्या ओढीमुळे चंद्र अडीच अंशांपर्यंत पुढे-मागे होतो, आणि ही दुरुस्ती त्यात नव्हती. एक तिथी म्हणजे चंद्र-सूर्यातले १२ अंशांचे अंतर. तेव्हा अडीच अंशांची चूक म्हणजे जवळपास पाच तास. एवढ्याने एकादशीचा उपवास एका दिवसावरून दुसऱ्यावर जाऊ शकतो. घरोघरी वाद होणारच.

केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६५ पासून आकाशाशी जुळणारे पटवर्धनी पंचांग सुरू केले होते. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी भारतीय ज्योतिषाचा इतिहास लिहिला. केतकरांनी निवडलेले काम वेगळे आणि कदाचित अधिक किचकट होते. युरोपातील नव्या वेधांवरचे गणित त्यांनी संस्कृत श्लोक आणि कोष्टकांत बसवले. ज्योतिर्गणित, केतकी, वैजयंती हे त्यांचे ग्रंथ पंचांगकर्त्याला त्याच्या सवयीच्या भाषेत नवे आकडे देत. जोशीबुवांना इंग्रजी नाविक पंचांग वाचायला लावण्यापेक्षा ही युक्ती शहाणपणाची होती. केतकी पंचांग लोकांत रुजले ते त्यामुळेच.

चित्रापक्ष आणि रैवतपक्ष म्हणजे काय?

गणित बरोबर आले तरी मोजायला सुरुवात कुठून करायची, हा प्रश्न उरतोच. विषुवबिंदू ताऱ्यांमधून दर ७२ वर्षांना सुमारे एक अंश मागे सरकतो. भारतीय पद्धत ताऱ्यांना धरून मोजते, म्हणून तो किती सरकला (अयनांश) हे ठरवावे लागते. रेवतीतला एक मंद तारा आरंभी धरा, असे लोकमान्य टिळकांचा पक्ष म्हणे. केतकर चित्रा नक्षत्राच्या ठळक ताऱ्याचे पुरस्कर्ते झाले. चित्रा बरोबर १८० अंशांवर धरा, आरंभबिंदू समोर आपोआप मिळतो, हे त्यांचे म्हणणे. मुंबई, पुणे आणि सांगलीच्या संमेलनांतही वाद पूर्ण मिटला नाही.

दोन मतांत फरक सुमारे चार अंशांचा. सूर्य रोज साधारण एक अंश चालतो, म्हणून टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांत मकरसंक्रांत आजही १० जानेवारीला येते, इतरत्र १४-१५ ला. काही वर्षी अधिक महिनाच वेगळा पडतो आणि गणपती-दिवाळी महिनाभर पुढेमागे होतात.

प्लूटोचे श्रेय त्यांना द्यावे का?

१९११ मध्ये फ्रान्सच्या ज्योतिष संस्थेच्या पत्रिकेत केतकरांचा लेख आला. नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह असावेत, असे त्यात होते. नावे ब्रह्मा आणि विष्णू. ब्रह्माचे सूर्यापासूनचे अंतर त्यांनी पृथ्वीच्या ३८.९५ पट आणि प्रदक्षिणाकाळ सुमारे २४२ वर्षे काढला. मार्च १९३० मध्ये अमेरिकेतून प्लूटोच्या शोधाची घोषणा झाली : अंतर ३९.५ पट, काळ २४८ वर्षे. त्याच वर्षी केतकर वारले.

आकडे चकित करतात, पण श्रेय देताना हात आखडता घ्यावा लागतो. गुरूच्या चंद्रांच्या गतीत लाप्लासला दिसलेले गुणोत्तर त्यांनी बाहेरच्या ग्रहांना लावले होते. प्लूटो ते गुणोत्तर पाळत नाही, आणि विष्णू कधी सापडला नाही. केतकरांचे खरे काम पंचांगातच आहे.

मग सरकारने कोणते मत घेतले?

१९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली. नागपूरचे के. ल. दप्तरी आणि पुण्याचे ज. स. करंदीकर तिचे सदस्य होते. १९५५ च्या अहवालात अयनांश २१ मार्च १९५६ रोजी २३ अंश १५ कला धरला गेला. हा आकडा चित्रापक्षाचा. २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली आणि राष्ट्रीय पंचांग मराठीसह अनेक भाषांत निघू लागले.

आज गणित कसे होते?

श्लोक आणि कोष्टके मागे पडली. सूर्यमालेतील गोल एकमेकांना कसे ओढतात, हे संगणक छोट्या-छोट्या टप्प्यांनी पुढे सोडवत नेतो. रडार आणि अंतराळयानांनी मोजलेल्या अंतरांशी ते ताडले जाते. अशी मूळ गणिते अमेरिका, फ्रान्स, रशियात होतात. त्यावरून पृथ्वीवरून ग्रह प्रत्यक्ष कुठे दिसेल हे काढताना प्रकाशाला लागणारा वेळ आणि पृथ्वीच्या अक्षाचे डोलणे हिशेबात घेतात.

राष्ट्रीय पंचांगाचे मध्यवर्ती ठिकाण ८२ अंश ३० कला पूर्व रेखांशावर आहे. कोल्हापूर साधारण ७४ अंश १४ कलांवर. एका अंशाला चार मिनिटे, म्हणून आपला सूर्य घड्याळापेक्षा सुमारे ३३ मिनिटे मागे चालतो. तिथी संपण्याची वेळ देशभर एकच असते, सूर्योदय मात्र गावोगाव वेगळा. सूर्योदयाची तिथी धरून व्रत ठरते तेव्हा कोलकाता आणि कोल्हापूरचा दिवस कधीकधी एक येत नाही, आणि त्यात गणिताची चूक नसते.