वाल्डेमार हाफकिन

मुळशीच्या धरणाचे पाणी सह्याद्रीच्या कड्याखाली भिऱ्यास उतरते, तेथे त्यापासून वीज होते व ती मुंबईस जाते, हे आमच्या शाळेतील लहान मुलांसही ठाऊक असते. परंतु मुंबईहून आपल्या पुणे जिल्ह्याकडे काय आले, असे विचारल्यास पुष्कळांस उत्तर सुचणार नाही. सन १८९६ च्या अखेरीस मुंबईहून पुण्यास प्लेग आला. आणि त्यामागोमाग त्यावरील लसही मुंबईहूनच आली. ही लस ज्यांनी शोधून काढिली, त्या हाफकिनसाहेबांचे चरित्र यंदा आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

वाल्डेमार हाफकिन ह्यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरी एका यहुदी कुटुंबात झाला. तेथील विद्यापीठात त्यांस मेच्निकॉफ ह्यांच्यासारखे गुरू लाभले. दंगेखोर यहुदी वस्तीवर चालून आले असता हा विद्यार्थी तिच्या रक्षणार्थ उभा राहिला, जखमी झाला व कैदेतही पडला. गुरूंच्या खटपटीने त्याची सुटका झाली. पुढे धर्म बदलल्यास अध्यापकाची जागा मिळेल असा रंग दिसला, तेव्हा त्यांनी जागेवर पाणी सोडिले. आम्ही ख्रिस्ती शाळेतील शिक्षक आहो. तरी, किंबहुना म्हणूनच, विद्येच्या जागेची किंमत धर्मात मोजून घेणे आम्हांस गैर वाटते.

सन १८८९ त ते पॅरिसला पाश्चर ह्यांच्या संस्थेत गेले. तेथे रिकामी जागा होती ती ग्रंथपालाची. ती पत्करून उरल्या वेळात त्यांनी पटकीच्या जंतूंवर प्रयोग चालविले, आणि १८ जुलै १८९२ रोजी तयार झालेली लस प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. दुसऱ्या वर्षी ते हिंदुस्थानात आले व सुमारे अडीच वर्षांत त्यांनी ४० हजारांवर लोकांस ही लस टोचली.

ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेगचा उद्भव होताच सरकारने त्यांस बोलाविले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांस मिळाले काय, तर एक खोली, एक पडवी, एक कारकून आणि तीन शिपाई! लस करण्याची त्यांची रीत आपल्या घरातील मुलींसही समजेल अशी होती. मांसाच्या रसात प्लेगचे जंतू सोडून वर तुपाचे किंवा खोबरेलाचे थेंब तरंगत ठेवावयाचे. त्या थेंबांस धरून जंतूंचे झुपके झुंबराच्या लोलकांप्रमाणे खाली लोंबू लागत. भांडे हलविले की झुपके तळाशी जात व वर नवे धरू लागत. पुरेशी वाढ झाली म्हणजे उष्णता देऊन जंतू मारावयाचे. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ह्या लसीची चांगली मोठी मात्रा स्वतः टोचून घेतली व ताप आणि वेदना सोसल्या. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथे जे कैदी स्वखुशीने पुढे आले, त्यांस लस देण्यात आली. न टोचलेल्यांपैकी १२ जणांस प्लेग झाला व ६ दगावले; टोचलेल्यांपैकी दोघांसच झाला व कोणी दगावला नाही. पुढे आपल्या खडकीच्या लष्करी वस्तीतही लसीची परीक्षा झाली. ह्या लसीने पूर्ण अभय मिळत असे असे नव्हे. परंतु ज्या रोगावर दुसरा इलाज नव्हता, त्यात एवढेही पुष्कळ होते.

त्याच वर्षी पुण्यात काय चालले होते, हे वडीलधाऱ्या मंडळींस सांगावयास नको. रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले मार्च महिन्यात प्लेगनेच वारल्या. शिपाई घरात शिरून झडत्या घेत. त्या जुलमाचा शेवट २२ जून रोजी, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाच्या रात्री, रँडवर गोळी झाडण्यात झाला. त्याच महोत्सवाच्या वर्षी हाफकिन ह्यांस सी. आय. ई. ही पदवी मिळाली. रोग एकच, सरकारही एकच. परंतु एकजण दारे फोडून आत शिरे, आणि दुसरा स्वतःचा दंड पुढे करून लोकांचे मन वळवी. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात त्यांची प्रयोगशाळा थाटाने उघडण्यात आली.

इतके वैभव एका कुपीने धुळीस मिळाले. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ लोकांस लस टोचण्यात आली आणि त्यांतील १९ जण धनुर्वाताने मेले. हे एकोणीसही एकाच कुपीतील लस टोचलेले होते. कुपी मुंबईतच दूषित झाली असावी असे चौकशीत ठरले व हाफकिन ह्यांस कामावरून दूर करण्यात आले. त्या एकोणीस घरांचे दुःख कोणत्याही निकालाने हलके होण्यासारखे नव्हते, हे आम्ही विसरत नाही.

परंतु आमच्या वरच्या वर्गांतील मुलांनी पुढील विचारसरणी नीट ध्यानात घ्यावी. ती कुपी सुमारे ४० दिवसांपूर्वी भरलेली होती. धनुर्वाताचे जंतू इतके दिवस आत वाढले असते, तर बूच काढताच घाण सुटली असती. आणि कुपी उघडताना तर काहीच वास आला नव्हता. शिवाय दुखण्याची लक्षणे काही दिवसांनी दिसू लागली, म्हणजे आत गेलेले जंतू थोडे व ताजे होते. मग ते आले कोठून? त्या दिवशी गावात बूच काढण्याचा चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट शुद्ध न करताच वापरला गेला होता, असे निघाले. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात हे सर्वश्रुत आहे. हिवतापाच्या शोधाबद्दल सन १९०२ चे नोबेल पारितोषिक मिळविणारे रोनाल्ड रॉस ह्यांनी हे प्रकरण हाती घेतले, आणि सन १९०७ च्या जुलैत त्यांनी व इतर नामांकित शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्स पत्रात हाफकिन निर्दोष असल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी सरकारने त्यांस दोषमुक्त केले.

पाच वर्षे मात्र गेली ती गेलीच. परळची जागा दुसऱ्याकडे गेली होती. ते कलकत्त्यास परत आले, तो तेथे माणसांवर नव्या लसीचे प्रयोग करण्याची त्यांस मोकळीक नव्हती. तशाही स्थितीत ते काम करीत राहिले व पहिले महायुद्ध सुरू झाले त्या सुमारास निवृत्त होऊन युरोपात गेले. परळच्या प्रयोगशाळेस सन १९२५ त हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव देण्यात आले. त्यांनी लग्न केले नव्हते. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडातील लोझान येथे ते वारले. आणि आपली मिळकत त्यांनी पूर्व युरोपातील यहुदी पाठशाळांसाठी ठेविली.