पगारातून कापले जाणारे २०० रुपये, बीडचे म्हातारे आणि वि. स. पागे

महाराष्ट्रात नोकरी करत असाल तर सॅलरी स्लिपवरची एक ओळ तुमच्या ओळखीची असेल. प्रोफेशनल टॅक्स, २०० रुपये. फेब्रुवारीत ३००. वर्षाचे झाले २,५००. इन्कम टॅक्सवर आपण तासन्‌तास बोलतो, पण या २०० रुपयांचं काय होतं हे सहसा कुणी विचारत नाही.

हा कर १९७५ साली आला. शहरात पगार घेणाऱ्यांकडून थोडे पैसे घ्यायचे आणि खेड्यात काम मागणाऱ्यांची मजुरी त्यातून भागवायची, असा तो हिशेब होता. आता गंमत बघा. वयाची ६५ वर्षं पूर्ण झाली की हा कर माफ होतो. पण ज्या योजनेसाठी तो आणला, त्या रोजगार हमीत काम मागायला वयाची वरची मर्यादाच नाही. १८ पूर्ण हवीत, बास. मग माणूस ६० चा असो नाहीतर ७५ चा.

ही वरची मर्यादा नसण्याचं महत्त्व सगळ्यात जास्त कुठे कळत असेल, तर ते बीड जिल्ह्यात.

दिवाळी झाली की बालाघाटच्या डोंगराळ भागातली गावं रिकामी व्हायला लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ट्रक, ट्रॅक्टर लागतात आणि कोयते निघतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस असेल तर तो अर्धा कोयता. पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक, जिथे कारखाना असेल तिथे पाच-सहा महिने मुक्काम. मागे गावात राहतात शाळेत जाणारी पोरं आणि म्हातारी माणसं.

ही म्हातारी माणसं तरुणपणी स्वतः ऊसतोडीला जात होती. पण उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणं साठीनंतर जमत नाही. उचल अंगावर असताना कमी तोडणारा माणूस मुकादमालाही परवडत नाही. ऊसतोडीतल्या माणसाला रिटायरमेंटची तारीख नसते, पेन्शन नसते. एक वर्ष असं येतं की ट्रकमध्ये त्याला जागा नसते, एवढंच.

मग पोटाचं काय? श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांवरच्या गरिबांना महिन्याला १,५०० रुपये मिळतात, पण त्यासाठी कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत दाखवावं लागतं. दुसऱ्याच्या रानात खुरपणी-वेचणी मिळाली तर मिळाली. आणि तिसरा पर्याय म्हणजे रोजगार हमी.

हा तिसरा पर्याय ज्यांच्यामुळे उभा राहिला, ते विठ्ठल सखाराम पागे. राजकारणाच्या पुस्तकांत वि. स. पागे.

पागेंचा जन्म १९१० चा, आजच्या सांगली जिल्ह्यातला. त्यांचं गाव विसापूर, तालुका तासगाव. द्राक्षांमुळे तासगाव आज श्रीमंत वाटतो, पण तेव्हा हा अवर्षणाचा पट्टा होता. शिकलेले, कायद्याची जाण असलेले, गांधीविचाराचे आणि स्वातंत्र्य चळवळीत उतरलेले पागे संतसाहित्याचेही अभ्यासक होते. सभा गाजवणाऱ्या पुढाऱ्यांत त्यांचं नाव येत नाही. १९६० साली महाराष्ट्र राज्य झालं आणि ते विधान परिषदेचे सभापती झाले. १९७८ पर्यंत, म्हणजे तब्बल १८ वर्षं ते त्या खुर्चीत होते.

आता सभापतीच्या हातात काय असतं? मान असतो, घंटा असते. खातं नसतं, बजेट नसतं, फायलीवर सही करून पैसे सोडायची सोय नसते. त्यामुळे पागेंनी जे केलं ते मंत्र्यांना, अधिकाऱ्यांना पटवून, पुन्हा पुन्हा लिहून आणि आधी आपल्याच भागात करून दाखवून.

त्यांच्या डोक्यात होतं ते असं. कोरडवाहू गावात शेतीचं काम वर्षातून काही महिनेच असतं. बाकीच्या महिन्यांत मजूर रिकामा असतो आणि रिकामा म्हणजे उपाशी. इंग्रजांच्या काळापासून सरकार दुष्काळात खडी फोडायची कामं काढायचं, पण त्यासाठी आधी दुष्काळ जाहीर व्हावा लागायचा. आणेवारी लागणार, कलेक्टर ठरवणार, मग काम. पागेंनी हा क्रम उलटा केला. दुष्काळ आहे की नाही हे सरकारने ठरवू नये, मजुराने काम मागितलं की ते द्यावं. आणि कामही असं, की त्यातून गावाच्या जमिनीत पाणी मुरेल.

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात तासगाव तालुक्यात, विसापूरच्या परिसरात याचा प्रयोग झाला. वसंतराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री होते. त्यांनी ही कल्पना उचलली आणि १९७२ मध्ये ती राज्याची योजना झाली. रोजगार हमीचं श्रेय नाईकांचं की पागेंचं, यावर अजूनही वाद होतात. सोपं सांगायचं तर कल्पना पागेंची आणि तिजोरी उघडण्याची हिंमत नाईकांची.

आणि नेमका १९७२ चा दुष्काळ पडला.

मराठवाड्यात आजही म्हाताऱ्या माणसाला वय विचारलं तर बहात्तरच्या दुष्काळात मी एवढा होतो, असा हिशेब सांगतात. सुकडी, मिलो, खडी हे शब्द त्या पिढीच्या तोंडून एकदम येतात. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. नवी योजना तात्पुरती बाजूला ठेवून सगळी यंत्रणा दुष्काळी कामांना जुंपावी लागली. पण पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते यांवर लाखो माणसांना एकाच वेळी कामाला लावता येतं, हे सरकारलाच तेव्हा कळलं. १९७४ मध्ये योजना पुन्हा सुरू झाली, पुढच्या वर्षी प्रोफेशनल टॅक्स आला आणि पैशाची कायमची सोय झाली.

पागे मात्र योजनेवर थांबायला तयार नव्हते. योजना सरकारच्या मर्जीवर असते, उद्या नवा मुख्यमंत्री आला की बंद. कायदा झाला तर काम हा हक्क होतो. १९७७ मध्ये रोजगार हमीचं विधेयक विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. त्यातल्या एका सभागृहाचे सभापती पागेच होते. २६ जानेवारी १९७९ पासून कायदा लागू झाला, तेव्हा त्यांनी सभापतिपद सोडलेलं होतं आणि त्यांचं वय होतं ६८. राज्य सरकारचा कर्मचारी ५८ व्या वर्षी घरी जातो. पागेंचं सगळ्यात मोठं काम त्या वयानंतर झालं.

या कायद्यात काय होतं? ग्रामीण भागातल्या कोणत्याही प्रौढ माणसाने अंगमेहनतीचं काम मागितलं तर १५ दिवसांत द्यायचं. नाही दिलं तर बेकारी भत्ता द्यायचा. भत्ता दिवसाला निदान एक रुपया, म्हणजे नावालाच, पण सरकारने चूक कबूल करायची ती तरतूद होती. आणि महत्त्वाचं म्हणजे ही हमी प्रत्येक माणसाला होती, कुटुंबाला नाही. म्हणजे सासूने काम मागितलं तर सुनेचे दिवस कमी होत नव्हते.

इथे राज्यघटनेचं कलम ४१ आठवावं लागतं. त्यात कामाचा हक्क आहे, आणि त्याच वाक्यात बेकारी, म्हातारपण, आजारपण अशा वेळी सरकारी मदतीचा हक्कही आहे. मार्गदर्शक तत्त्व असल्यामुळे त्यासाठी कोर्टात जाता येत नाही. महाराष्ट्राने यातल्या कामाच्या भागाचा कायदा केला. म्हातारपणाचा भाग मागे राहिला. निराधारांसाठीची संजय गांधी योजना १९८० ची, केंद्राची वृद्धापकाळ पेन्शन तर १९९५ ची. मधल्या काळात भूमिहीन म्हाताऱ्याला सरकारकडे हक्काने मागता येण्यासारखं जे होतं, ते काम होतं. पागेंनी बेकारांसाठी केलेला कायदा असा नकळत म्हाताऱ्यांचाही आधार झाला.

पण मजुरीच्या दरात एक मेख होती.

रोजगार हमीची मजुरी हजेरीवर नव्हती, मोजमापावर होती. किती ब्रास माती निघाली, ती किती लांब टाकली, त्यावर पैसे. दर असे बांधलेले की सरासरी माणसाने ७ तास नीट काम केलं तर त्याला किमान वेतन पडावं. हा सरासरी माणूस कोण? कुदळ मारून मुरूम फोडणारा धडधाकट गडी. ६५ वर्षांची बाई दिवसभर राबूनही त्या सरासरीला पोहोचणार नाही, म्हणजे कायद्याने तिला काम मिळणार पण किमान वेतन मिळेलच असं नाही. त्यात मोजमाप बहुतेक वेळा टोळीचं व्हायचं आणि पैसे वाटून घ्यायचे. अशा वेळी धडधाकट माणसं आपल्या टोळीत म्हाताऱ्याला कशाला घेतील? मुकादमाचा जो हिशेब उसाच्या फडात, तोच इथे मातीच्या ढिगाऱ्यावर.

पागेंच्या बाजूने एवढं म्हणता येईल की मोजमाप ठेवलं नसतं तर खोट्या हजेऱ्यांनी योजना पहिल्या दोन वर्षांतच बदनाम झाली असती. तरीही त्या काळी कामाच्या जागी पाणी देणं, मजुरांची पोरं सांभाळणं अशी हलकी कामं होती, आणि ती म्हाताऱ्या माणसांना देता येत होती. म्हातारे, बायका आणि अपंग यांच्यासाठी वेगळे दर ठरवा, हे केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत यायला २१ वं शतक उजाडावं लागलं.

त्याआधी २००५ मध्ये देशाचा कायदा आला. महाराष्ट्राचा अनुभव त्यामागे होताच. पण देशाच्या कायद्याने हमी माणसाऐवजी कुटुंबाला दिली, वर्षाला १०० दिवस. घरात पोरगा, सून, आई-बाप असतील तर दिवस सगळ्यांत मिळून. १०० दिवसांच्या पुढचा खर्च महाराष्ट्राने आपल्याकडे ठेवला, तो पागेंच्या जुन्या कायद्याच्या पुण्याईवर.

पुढे मस्टरची वही जाऊन मोबाइलवर हजेरीचे फोटो आले, मजुरी आधारशी जोडली गेली. आता म्हाताऱ्या माणसाची अडचण वेगळीच आहे. जन्मभर कोयता, कुदळ धरून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात आणि पैसे काढायला गेलं की मशीन अंगठा घेत नाही. मस्टरवर शाईचा अंगठा होता तेव्हा रेषा पुसट असल्या तरी चालत होतं.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या ९.९ टक्के लोकांचं वय साठीच्या पुढे होतं, देशाचा आकडा ८.६ होता. यात बीडच्या गावांचा हिशेब आणखी वेगळा लावावा लागतो, कारण हंगामात तरुण गावात नसतातच. म्हणजे गावात काम मागायला उरतो तो बऱ्याचदा म्हाताराच.

पागे १९९० मध्ये गेले. मुंबईच्या विधान भवनातल्या संसदीय प्रशिक्षण केंद्राला त्यांचं नाव आहे. त्याच सुमारास राज्याने रोजगार हमीतून फळबाग लागवड सुरू केली. म्हणजे शेतकऱ्याने स्वतःच्या रानात खड्डे घ्यायचे, झाडं लावायची आणि त्याची मजुरी सरकारने द्यायची. इथे टोळी नाही आणि दुसऱ्याच्या वेगाशी स्पर्धाही नाही. सकाळी दोन खड्डे घेतले, ऊन चढलं की थांबलं, असं करता येतं. हलक्या जमिनीवर, कमी पाण्यात येणारं सीताफळ बालाघाटच्या उतारांना मानवतं, आणि बीडच्या सीताफळाला पुढे भौगोलिक मानांकनही मिळालं. सीताफळाची तोडणी दिवाळीच्या आसपास येते, गावातून ट्रक निघायच्या बेतात असतात तेव्हा. ही फळं उतरवायला मोळी उचलावी लागत नाही, शिडीही सहसा लागत नाही. झाड माणसाच्या उंचीच्या थोडंच वर जातं.