नायगमवालांची दुर्बीण : पैसा भावनगरचा, आकाश पुण्याचं

बाजवा (वडोदरा) : सर्पिल दीर्घिकांमधली धूळ साध्या प्रकाशाला अडवते. अवरक्त किरण मात्र तिच्यातून बरेचसे आरपार येतात, शिवाय ऊब मिळालेली धूळ स्वतःच अवरक्तात चमकते. म्हणून दीर्घिकेच्या बाहूंची खरी ठेवण तिथं उलगडते. आकाशातला प्रकाश असा फोडून तपासण्याचं काम भारतात नीट सुरू झालं ते पुण्यात, आणि त्याला पहिला हात दिला गुजरातनं.

कावसजी दादाभाई नायगमवाला, जन्म १८५७, मुंबईचे पारशी. एल्फिन्स्टन कॉलेजात ते भौतिकशास्त्र शिकवत. १८८२ साली भावनगरचे महाराज तख्तसिंगजी यांनी ५००० रुपये दिले, सरकारनंही तेवढीच भर घातली. इंग्लंडला जाऊन नायगमवालांनी नॉर्मन लॉकियर यांचा सल्ला घेतला. १८८८ साली पुण्याच्या सायन्स कॉलेजात महाराजांच्या नावानं वेधशाळा उभी राहिली. तिची २० इंची दुर्बीण त्या काळी देशात सर्वांत मोठी.

तेजोमेघ उल्कांच्या टकरींतून उजळतात, त्यांच्या वर्णपटातली मुख्य हिरवी रेषा मॅग्नेशियमची, असं लॉकियर मानत. तसं असतं तर ती एका बाजूला पसरट दिसायला हवी होती. नायगमवालांनी मृगातला तेजोमेघ पुन्हा पुन्हा तपासला. रेषा दर वेळी धारदारच दिसली. ज्यांचा सल्ला घेतला त्यांच्याच विरोधात जाणारं हे निरीक्षण १८९१ साली त्यांनी बेधडक छापलं. ती रेषा ऑक्सिजनची, हे कळायला १९२७ उजाडावं लागलं.

२२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला त्यांनी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला तळ ठोकला आणि मोजक्या क्षणांत वर्णपट टिपले. लॉकियर त्याच ग्रहणासाठी विजयदुर्गावर आले होते.

पण सगळा डोलारा एकाच माणसाच्या खांद्यावर होता. १९१२ साली ते निवृत्त झाले आणि वेधशाळेलाच टाळं लागलं. सामान कोडाईकनालला गेलं आणि दुर्बीण कित्येक वर्षं पडून राहिली. १९३८ साली नायगमवाला गेले.

१९८० च्या दशकात हीच भावनगर दुर्बीण लेहला नेली गेली, नव्या वेधशाळेसाठी जागा पारखायला. हवेतली वाफ अवरक्त किरण शोषते, म्हणून उंच, कोरडी जागा हवी होती. पुढे लडाखमध्येच हानले इथं, सुमारे ४५०० मीटर उंचीवर, दोन मीटरची दुर्बीण बसली. ती अवरक्तातही पाहते.