ब्रेकच्या क्षणाला आव्हान देणारे जॉन ब्रिटन

भरधाव मोटारसायकलचा ब्रेक दाबताच टेलिस्कोपिक फोर्क दबतात, पुढचा भाग झुकतो आणि सुकाणूचा कोन बदलतो. वळणाच्या तोंडावर हा क्षण स्वाराच्या जिवावर बेतू शकतो. न्यूझीलंडचे अभियंते जॉन ब्रिटन यांनी त्यावर वेगळा तोडगा काढला. १९५० मध्ये ख्राइस्टचर्च येथे जन्मलेल्या ब्रिटन यांना डिस्लेक्सियामुळे वाचन जड जाई. हात मात्र विलक्षण कुशल होते. घरच्या शेडमध्ये मोजक्या सहकाऱ्यांसह त्यांनी 'व्ही १०००' घडविली. तिचा कार्बन फायबरचा पुढील फोर्क दोन विशबोनवर तोललेला असल्याने झुकणे आटोक्यात राहिले. १९९२ मध्ये डेटोना येथे आघाडीवर असताना विद्युत बिघाडाने ती थांबली. १९९४ मध्ये तेथेच जिंकली. ५ सप्टेंबर १९९५ रोजी, अवघ्या ४५व्या वर्षी, कर्करोगाने ब्रिटन यांचे निधन झाले. मागे राहिल्या केवळ १० मोटारसायकली.