कुलूप बनविणाऱ्याचा मुलगा : जॉर्ज ओहम

ओहमचा नियम आपण पाठ करतो. परंतु तो शोधणारा एक शाळाशिक्षक होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

जॉर्ज सायमन ओहमचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतील एर्लांगेन येथे झाला. वडील कुलुपे बनविणारे कारागीर. शाळेचे शिक्षण नसूनही ते स्वतः गणित व विज्ञान शिकले आणि मुलांना त्यांनी घरीच शिकविले. जॉर्ज दहा वर्षांचा असताना आई वारली. १८०५ साली तो विद्यापीठात गेला, पण नाच व बिलियर्ड यांत रमला. वडिलांनी त्याला तेथून काढले. स्वित्झर्लंडमध्ये शिक्षकाची नोकरी करीत त्याने अभ्यास चालू ठेवला व १८११ साली डॉक्टरेट मिळविली.

१८१७ पासून तो कोलोनच्या शाळेत शिकवू लागला. तेथील प्रयोगशाळेत, तारेची लांबी बदलली की विद्युतधारा किती बदलते, हे तो मोजी. विद्युतघटाचा जोर स्थिर राहीना. त्यामुळे १८२५ साली प्रसिद्ध केलेले सूत्र चुकले. ती चूक त्याने स्वतःच सुधारली. तांबे व बिस्मथ यांचा एक सांधा उकळत्या पाण्यात व दुसरा बर्फात ठेवून त्याने स्थिर विभवांतर मिळविले. १८२६ साली नियम हाती आला.

हा नियम समजण्यास घरावरची पाण्याची टाकी आठवावी. टाकी जितकी उंच, तितकी नळाला धार जोरात. नळी लांब व अरुंद असली तर धार मंदावते. उंचीतील फरक म्हणजे विभवांतर, धार म्हणजे विद्युतधारा, नळीचा अडथळा म्हणजे रोध. ६ व्होल्ट विभवांतर व ३ ओहम रोध असेल, तर २ अँपिअर धारा वाहते. तारेची लांबी दुप्पट केली, तर धारा निम्मी होते.

१८२७ साली ओहमचा ग्रंथ निघाला, पण मायदेशी त्याची उपेक्षा झाली. नोकरी सोडून त्याने बर्लिनमध्ये शिकवीत दिवस काढले. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोप्ली पदक दिले. म्यूनिक विद्यापीठात प्राध्यापकपद मिळाले ते १८५२ साली, मृत्यूच्या अवघी दोन वर्षे आधी! १८८१ साली पॅरिसच्या परिषदेने रोधाच्या एककासाठी त्याचे नाव अधिकृतपणे स्वीकारले.

पालकहो, ओहमच्या वडिलांपाशी पैसा नव्हता, पदवी नव्हती. दिवसभराच्या कामानंतर मुलांजवळ बसण्याची तयारी मात्र होती. तेवढी आपणा प्रत्येकापाशी असू शकते.