तुतारीविना आलेला शोध

३ नोव्हेंबर १९०६. जर्मनीतल्या ट्युबिंगेन गावी मनोविकारतज्ज्ञांची परिषद भरली होती. ४२ वर्षांच्या एका डॉक्टरने एका रुग्णाच्या मेंदूबद्दल निबंध वाचला. वाचून झाल्यावर अध्यक्षांनी शंका विचारण्यास सांगितले. एकानेही तोंड उघडले नाही. या डॉक्टरचे नाव आज घरोघर माहीत आहे: अलॉईस अल्झायमर.

त्यांचा जन्म १८६४चा, बव्हेरियातल्या मार्क्टब्राइट गावचा. वैद्यकीय पदवी घेऊन ते १८८८मध्ये फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात लागले. दिवसा रुग्ण, रात्री सूक्ष्मदर्शक असा त्यांचा क्रम. पेशी रंगवण्याच्या कलेत निष्णात असलेला फ्रान्झ निस्ल तिथेच सहकारी म्हणून भेटला आणि दोघांची जन्माची मैत्री जमली. १९०१च्या सुरुवातीला अल्झायमर यांची पत्नी सेसिली वारली. पदरी तीन लहान मुले. त्यांनी स्वतःला कामात गाडून घेतले.

त्याच वर्षी नोव्हेंबरात ऑगस्टे नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. विसरणे, नवऱ्यावर विनाकारण संशय, घरात सैरभैर फिरणे. अल्झायमर रोज तिच्याजवळ बसून प्रश्न विचारत आणि उत्तरे जशीच्या तशी टिपून ठेवत. जेवताना तिच्या ताटात फ्लॉवर होता. काय खातेस असे विचारले तर तिने पालक सांगितला. नाव लिहायला दिले तर सुरुवात करून पुढचे विसरली. इतक्या बारकाईने रुग्णाचे ऐकून घेणे आमच्या गर्दीच्या ओपीडीत जमत नाही, हे कबूल करायला हवे.

पुढे ते क्रेपेलिन यांच्याबरोबर म्युनिकला गेले, पण त्या बाईची चौकशी सुटली नाही. एप्रिल १९०६मध्ये ती वारली. शेवटी अंथरुणाला खिळून जखमा झाल्या होत्या आणि त्यातूनच जंतुसंसर्ग झाला. मेंदू म्युनिकला मागवून अल्झायमर यांनी त्याचे पातळ काप चांदीच्या क्षारांनी रंगवले. पेशींच्या बाहेर चिवट पदार्थाचे ठिपके दिसले, आत धाग्यांचा गुंता. पेशी मेली तरी गुंता तसाच उरलेला. म्हणजे हा निव्वळ म्हातारपणाचा किंवा स्वभावाचा दोष नव्हता. १९१०मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला त्यांचे नाव दिले.

ते ठिपके आणि गुंते कशाचे, हे कळायला १९८०चे दशक उजाडले. ठिपके अमायलॉइड या प्रथिनाचे, गुंते टाऊचे. टाऊ एरवी पेशीतल्या वाहतुकीच्या रुळांना आधार देते. त्याची घडी बिघडली की ते शेजारच्या चांगल्या टाऊलाही आपल्यासारखे वाकडे करते. विरजणाचा थेंब दूध बदलतो तसे. बिघडलेले प्रथिन एका चेतापेशीतून तिला जोडलेल्या दुसरीत जाते, असे आज बहुतेक संशोधक मानतात. उंदरांच्या मेंदूत असे प्रथिन टोचल्यावर ते पसरलेले दिसले आहे. १९९१मध्ये ब्राक दांपत्याने माणसाच्या मेंदूत हा प्रवास टप्प्याटप्प्याने मांडला: आरंभ स्मरणकेंद्राच्या दाराशी, मग आसपास, शेवटी मेंदूच्या सालीवर सर्वत्र. म्हणून आजींना लग्नातले जेवण आठवते, पण सकाळचा चहा घेतला की नाही ते आठवत नाही. गुंते जमायला लागतात ते लक्षणांच्या कितीतरी वर्षे आधी.

पसरतो म्हटले की नातेवाईक घाबरतात. हा प्रवास त्या एका मेंदूच्या आतला. स्पर्शाने, उष्ट्याने, सेवा केल्याने हा आजार लागत नाही. रुग्णाचे ताट वेगळे ठेवणारी घरे मी पाहिली आहेत. कृपा करून तसे करू नका.

१९१२मध्ये अल्झायमर यांना ब्रेस्लाऊ विद्यापीठात प्राध्यापकपद मिळाले. तिकडे जाताना प्रवासातच ते आजारी पडले आणि पुन्हा धडधाकट झालेच नाहीत. १९ डिसेंबर १९१५ रोजी ते गेले, तेव्हा त्यांचे वयही ५१च होते. फ्रँकफर्टला सेसिलीशेजारी त्यांना पुरले. ऑगस्टेची हरवलेली फाईल त्याच शहरात १९९५मध्ये सापडली. त्यात तिने अर्धवट लिहिलेले स्वतःचे नाव होते.