सत्तावन्न वर्षं थांबलेली प्रेमकथा

इंग्रजी पुस्तकांच्या दुकानात हल्ली नव्या प्रेमकथांमध्ये दोन मुलांच्या किंवा दोन मुलींच्या प्रेमाच्या कादंबऱ्याही मांडलेल्या दिसतात. ॲलिस ओसमनची ‘हार्टस्टॉपर’ ही मालिका तर कॉलेजची पोरं उघड उघड वाचतात. मैत्रिणींनो, ही पुस्तकं पाहिली की मला ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज लेखक आठवतो. अशीच गोड शेवटाची गोष्ट त्याने शंभरहून जास्त वर्षांपूर्वी लिहिली. पण छापली मात्र नाही!

फॉर्स्टर जन्मला १ जानेवारी १८७९ रोजी, लंडनमध्ये. तो दोन वर्षांचाही नव्हता, तेव्हा वडील क्षयाने गेले. आई लिलीने त्याला वाढवलं. वडिलांच्या मावशीने त्याच्या नावे आठ हजार पौंड ठेवले होते, म्हणून केंब्रिजचं शिक्षण झालं. आपल्याला पुरुषच आवडतात, हे त्याला तरुणपणीच उमगलं. पण सांगणार कुणाला? इंग्लंडमध्ये तो गुन्हा होता. फॉर्स्टर सोळा वर्षांचा असताना, १८९५ मध्ये, ऑस्कर वाइल्डसारख्या नामवंत लेखकाला याच कारणावरून दोन वर्षांची सक्तमजुरी झाली होती.

‘अ रूम विथ अ व्ह्यू’ (१९०८) आणि ‘हॉवर्ड्स एंड’ (१९१०) या कादंबऱ्यांनी त्याचं नाव झालं. पण फक्त स्त्री-पुरुषांच्याच प्रेमावर लिहायचा त्याला कंटाळा येऊ लागला. १९१३ मध्ये तो शेफील्डजवळच्या मिलथॉर्पला एडवर्ड कार्पेंटर या लेखकाकडे गेला. कार्पेंटर आपल्या जोडीदाराबरोबर, जॉर्ज मेरिलबरोबर, चक्क उघडपणे राहत होता! ते घर पाहून आल्यावर फॉर्स्टर ‘मॉरिस’ लिहायला बसला. मॉरिसचा श्रीमंत मित्र त्याला सोडून लग्न करून मोकळा होतो. शेवटी साथ देतो तो इस्टेटीवरचं शिकारीचं रान राखणारा ॲलेक. कथेत कुणी जीव दिला असता, तर ती छापणं सोपं गेलं असतं. पण ही दोघं सुखी व्हायलाच हवीत, यावर फॉर्स्टर ठाम होता. १९१४ मध्ये कादंबरी पुरी झाली आणि जवळच्या मित्रांपुरतीच राहिली.

आपल्याशीही त्याचा एक धागा आहे बरं का. १९२१ मध्ये तो देवास थोरल्या पातीच्या तुकोजीराव पवार महाराजांचा खासगी चिटणीस होता. त्याचं गुपित महाराजांना कळलं, तरी त्यांनी त्याला हाकललं नाही, सांभाळून घेतलं. तिथली गोकुळाष्टमी पुढे ‘अ पॅसेज टू इंडिया’त (१९२४) उतरली. त्यानंतर तो शेहेचाळीस वर्षं जगला, पण एकही नवी कादंबरी छापली नाही.

मला राहून राहून वाईट वाटतं ते लिलीबाईंचं. १९४५ मध्ये त्या गेल्या, तोवर मुलगा त्यांच्याजवळच होता. पण पोटच्या पोराची सर्वात जिव्हाळ्याची कादंबरी त्यांना कधी वाचायला मिळाली नाही.

त्याला जपलं ते दुसऱ्याच एका बाईने. १९३० मध्ये त्याची बॉब बकिंगहॅम या पोलिसाशी गाठ पडली. पुढे बॉबचं मे नावाच्या नर्सशी लग्न झालं. सुरुवातीला ओढाताण झाली, पण हळूहळू तिघांची मनं जुळली. शेवटच्या आजारात मे हिनेच त्याची सेवा केली. ७ जून १९७० रोजी, कोव्हेंट्रीत, त्यांच्याच घरी तो गेला.

१९७१ मध्ये ‘मॉरिस’ छापली गेली. १९८७ मध्ये तिच्यावर सिनेमा आला, निर्माते होते आपल्या मुंबईत जन्मलेले इस्माईल मर्चंट. आपल्याकडेही २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असं प्रेम गुन्हा नाही, असा निकाल दिला.

कायदा बदलला, दुकानात पुस्तकं आली. पण आपल्या घरातलं लेकरू काही सांगायला अडखळत असेल, तर त्याचं ऐकून घ्यायला कुठला कायदा येणार? ते काम आईचंच, नाही का?